आजोबा ८७ वर्षांचे आहेत. महापालिकेच्या तक्रारी, मतदान यासाठी त्यांना मोबाइल शिकवावा की सगळं आपणच करून द्यावं?

शिकवा, पण सगळंच शिकवायचा हट्ट नको. टायपिंग तुम्ही करा; तक्रार मात्र त्यांच्या शब्दांत, त्यांच्या नावाने जाऊ द्या.

माझी आत्या गिरगावात चाळीत राहते, नव्वदीला टेकली आहे. गल्लीतल्या गटाराचं झाकण तुटलं की तिला चैन पडत नाही. अ‍ॅपच्या भानगडीत ती पडत नाही, सरळ महापालिकेच्या १९१६ वर फोन लावते. तक्रार क्रमांक मागून घेते, कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिते आणि काम झालं नाही तर तोच क्रमांक सांगून पुन्हा विचारते. फोटो पाठवायचा असला तर माझी मुलगी काढते, मजकूर आत्या सांगते. मराठीत बोलून टाइप करायची सोय चांगली आहे, पण म्हातारी माणसं थांबत थांबत बोलतात आणि माइक तेवढ्यात बंद पडतो. म्हणून एकेक वाक्य बोलायला सांगा.

खरा घोळ ओटीपीचा असतो. आधारला, बँकेला मुलाचा नंबर जोडलेला, मुलगा लोकलच्या गर्दीत, आणि इकडे वडील ताटकळत बसलेले. आजोबांचा स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगते. दुसऱ्याच्या ओटीपीवर अवलंबून राहिलं की माणूस हळूहळू काही करायचंच सोडून देतो. मात्र फोनवर कुणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, हे पक्कं सांगून ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

मतदानाचं म्हणाल, तर २०२४ च्या लोकसभेला ८५ च्या पुढच्या मतदारांसाठी घरून मत द्यायची सोय होती. त्यासाठी १२-डी फॉर्म भरावा लागतो, तोही निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. एकदा घरचा पर्याय घेतला की केंद्रावर मत देता येत नाही, तेव्हा परस्पर फॉर्म भरू नका. कित्येकांना चार लोकांत जाऊन शाई लावून घ्यायची असते.

आणि रस्त्याच्या खर्चाबद्दल वगैरे विचारायचं असेल तर माहिती अधिकार आहेच. लिहिता येत नसेल, तर तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची, असं २००५ च्या कायद्याच्या कलम ६ मध्येच आहे. वॉर्ड ऑफिसात सोबत जा, पण साहेबांशी आजोबांनाच बोलू द्या.