प्रोलॉग या लॉजिक भाषेतली माझी क्विकसॉर्ट मोठ्या यादीवर मेमरी संपवते. सगळीकडे कट (उरलेले पर्याय टाकून देणारं उद्गारचिन्ह) घालू, की कोड न चालवता तपासणारा अ‍ॅनालायझर चालवू?

कट घालू नका. निदान चॉइसपॉइंट (पुढचा पर्याय बघायला परत येण्यासाठी ठेवलेली खूण) नेमका कुठे मागे राहतोय हे कळेपर्यंत तरी नाही. "हळू चालतंय? टाक एक उद्गारचिन्ह" हा सल्ला इतक्या जणांनी इतक्यांदा दिलाय की नवशिक्याचा निम्मा कोड कटांनीच भरलेला असतो आणि त्यातला प्रत्येक कट कशासाठी आहे हे त्यालाही सांगता येत नाही.

तुमच्या क्विकसॉर्टमधलं, यादीचे दोन भाग करणारं वाटणी/४ च घेऊ (/४ म्हणजे चार अर्ग्युमेंट): यादी, पिव्होट म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो घटक, लहानांची यादी, मोठ्यांची यादी. तीन क्लॉज, म्हणजे तीन पर्यायी नियम, आहेत. पहिला रिकाम्या यादीचा. दुसरा, पहिला घटक पिव्होटइतका किंवा लहान असेल तर. तिसरा, मोठा असेल तर. वाचायला चोख. पण पहिल्या अर्ग्युमेंटवर इंडेक्सिंग करणारा, म्हणजे ते बघून लागू न होणारे क्लॉज आधीच गाळणारा, कंपायलर फक्त त्या जागेचा आकार बघतो. रिकामी यादी तो वेगळी काढतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्लॉजमध्ये मात्र त्याला एकच आकार दिसतो, भरलेली यादी. दोघांतला खरा फरक तुलनेत आहे, आणि तुलना इंडेक्समध्ये येत नाही. त्यामुळे दुसऱ्या क्लॉजमध्ये शिरण्याआधी चॉइसपॉइंट तयार होतो. घटक मोठा निघाला तर तुलना फसते, तिसरा क्लॉज शेवटचा पर्याय असल्याने तो चॉइसपॉइंट तिथेच निघून जातो. घटक लहान निघाला तर तो तसाच बसून राहतो. म्हणूनच तुमची मेमरी एका यादीवर फुगते आणि तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या यादीवर फुगत नाही. पिव्होट सगळ्यांत मोठा असला की सगळ्यांत वाईट.

हिशोब करा. डेव्हिड वॉरेन यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या, प्रोलॉग चालवण्यासाठीच्या अ‍ॅबस्ट्रॅक्ट मशीनच्या मूळ आराखड्यात चॉइसपॉइंटला चार अर्ग्युमेंट आणि वर सातएक खाने लागतात. ११ शब्द, म्हणजे ६४ बिट यंत्रावर ८८ बाइट. दहा लाख लहान घटक म्हणजे ८८ मेगाबाइट नुसते चॉइसपॉइंट. त्यात ट्रेल (मागे फिरताना कोणते व्हेरिएबल मोकळे करायचे याची नोंद) कापता येत नाही, आणि गार्बेज कलेक्टरलाही हात आखडावा लागतो, कारण मागे फिरण्याची शक्यता जिवंत असेपर्यंत जुना डेटा "वापरात" आहे.

आता कटवाले काय करतात? दुसऱ्या क्लॉजमध्ये तुलनेनंतर कट, आणि "आता गरज नाही" म्हणून तिसऱ्यातली तुलना काढून टाकतात. मग वाटणी([१], ५, [], मोठे) विचारून बघा. दुसऱ्या क्लॉजच्या डोक्यात (हेडमध्ये) तिसऱ्या जागी भरलेली यादी आहे, ती रिकामीशी जुळत नाही, त्यामुळे कटपर्यंत पोहोचणंच होत नाही. तिसरा क्लॉज बिनदिक्कत सांगतो की १ हा ५ पेक्षा मोठा. एररही नाही, इशाराही नाही. तिसरी तुलना जागेवर ठेवून कट घातला तर उत्तर बरोबर राहतं, पण मग सरळ इफ-देन-एल्सच का नाही? डोक्यात तिसऱ्या-चौथ्या जागी नुसते व्हेरिएबल ठेवा, कंडिशनमध्ये तुलना, आणि निकालाची यादी जोडणं बाणाच्या (->) नंतर. क्लॉज दोनच उरतात, एक रिकामीचा आणि एक भरलेलीचा. बाकीचं काम इंडेक्सिंग करतं.

राहिला अ‍ॅनालायझर. सिआओ प्रोलॉगचं सिआओपीपी हे साधन अ‍ॅबस्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनने (खऱ्या किमतींऐवजी त्यांच्या ढोबळ वर्णनावर कोड चालवून) मोड (कोणतं अर्ग्युमेंट आत येतं, कोणतं बाहेर जातं), ग्राउंडनेस (किंमत पूर्ण भरलेली आहे का), शेअरिंग (कोणते व्हेरिएबल एकमेकांत गुंतलेत), डिटर्मिनसी (उत्तर एकच आहे का) काढतं. वरच्या दोन तुलना एकाच वेळी खऱ्या होऊ शकत नाहीत हेसुद्धा ते ओळखू शकतं. पण आधी त्याला एंट्री डिक्लरेशन द्या, म्हणजे बाहेरून कोणत्या प्रकारची अर्ग्युमेंट येतील ते सांगा. नाहीतर बाहेरून काहीही येऊ शकतं असं धरून ते चालतं आणि "काहीच सांगता येत नाही" एवढाच निष्कर्ष हाती येतो. असर्टने चालता चालता बदलणारी प्रेडिकेट आणि कोणतं प्रेडिकेट बोलावणार हे आधी कळत नाही असा कॉल/एन आला की तीच गत. सेट-शेअरिंग डोमेन (गुंतलेल्या व्हेरिएबलचे गट मोजणारं वर्णन) जपून वापरा: क्लॉजमध्ये २० व्हेरिएबल असले तर शक्य गट १०,४८,५७५. विश्लेषण अडकलंय असं वाटलं की हलकं डोमेन निवडा किंवा तो लांबलचक क्लॉज फोडा.

पार्शल इव्हॅल्युएशन, म्हणजे माहीत असलेला भाग आधीच उलगडून ठेवणं, मेटा-इंटरप्रिटरवर (प्रोलॉगच चालवणाऱ्या प्रोलॉग प्रोग्रॅमवर) छान चालतं, तुमच्या क्विकसॉर्टवर त्याचा फारसा उपयोग नाही. कट किंवा व्हॅर/१ (व्हेरिएबल अजून रिकामा आहे का हे विचारणारं) याच्या पलीकडचं गोल आधी उलगडलं तर व्हेरिएबलला मिळालेली किंमत डावीकडे, म्हणजे त्यांच्या आधी, सरकते आणि अर्थच बदलतो. साधन हे सांभाळतं का, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

"चांगला कंपायलर असेल तर कसंही लिहा" म्हणणाऱ्यांनाही एक सांगतो. प्रोलॉगसारखीच मर्क्युरी ही भाषा टाइप, मोड, डिटर्मिनिझम सगळं लिहून मागते, ऑप्टिमायझेशनही जोरदार करते. तिला हेच तीन क्लॉज द्या आणि "डेट" (नेमकं एकच उत्तर) म्हणा. ती एरर देते. युनिफिकेशनवरून, म्हणजे आकार जुळवण्यावरून, ठरणारा फरक तिला दिसतो, अंकांच्या तुलनेवरून ठरणारा नाही. तिथेही इफ-देन-एल्सच लिहावं लागतं.

हो, वरचे बाइट मूळ आराखड्याचे. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगचं यंत्र वेगळं आहे, आकडे वेगळे येतील. ते गरजेनुसार इतर अर्ग्युमेंटवरही इंडेक्स बांधतं, म्हणून यादी दुसऱ्या जागी असली तरी तिथे बऱ्याचदा निभावतं. एसआयसीस्टस किंवा ग्नू प्रोलॉग या दुसऱ्या प्रोलॉगांमध्ये यादी पहिल्या जागीच ठेवा. मागे काही राहिलंय का हे बघायला दहा घटकांची यादी एसडब्ल्यूआयच्या टॉपलेव्हलला (प्रश्न टाइप करायच्या खिडकीत) चालवा: उत्तरानंतर पूर्णविराम न येता ते अर्धविरामाची (पुढचं उत्तर मागण्याची) वाट बघत थांबलं, तर चॉइसपॉइंट शिल्लक आहे. एसडब्ल्यूआयच्या नव्या आवृत्त्यांत वाटणी/४ ला डेट डिक्लरेशन लावलं की चॉइसपॉइंट उरल्यावर सरळ एररच येते.