आई लवकर ‘ठेवते’ का म्हणते?

वाचकांचे प्रश्न

नोकरीची सगळी वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कवर, म्हणजे फोनच्या तारा तपासायच्या जागी, काढली. फोनविषयीच्या तुमच्या प्रश्नांना या पानावर उत्तरं देते ती त्या अनुभवाच्या भरवशावर. या वेळी पहिल्याच पत्राला बरीचशी जागा देते आहे. असाच प्रश्न थोड्याफार फरकाने अनेकांनी विचारलेला आहे.

प्रश्न : लँडलाइन होता तेव्हा आई माझ्याशी तासतासभर बोलायची. तो काढून तिला मोबाईल दिला, तेव्हापासून दोन-चार वाक्यं झाली की ‘बरं, ठेवते’ म्हणते. प्रत्यक्ष भेटलो की मात्र गप्पा संपत नाहीत. कान तपासून घेतले, वयाच्या मानाने ठीक आहेत. फोन नवा आहे, रेंज पूर्ण असते. मग अडतंय कुठे?

उत्तर : अडतंय ते वेळेत. तुमच्या आईला ऐकू येतंय, पण उशिरा येतंय.

समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण 200 मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. वेगवेगळ्या भाषांमध्ये हे मोजून पाहिलेलं आहे आणि आकडा फारसा हलत नाही. इतक्या कमी वेळात माणूस ‘हं’ म्हणतो, ‘अगंबाई’ म्हणतो, पुढचं विचारतो. एकाच एक्स्चेंजवरच्या दोन लँडलाइनमध्ये आवाज तांब्याच्या तारेवरून इतक्या लवकर पोचायचा की उशीर कानाला कळतच नसे. आईचं ‘हं’ जिथे पडायला हवं, बरोबर तिथेच पडायचं.

मोबाईलचं काम वेगळ्या रीतीने चालतं. तो तुमच्या आवाजाचे 20-20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा दाबून लहान करतो आणि हवेतून टॉवरकडे पाठवतो. पलीकडचा फोन ते तुकडे ओळीने लावतो, मागे राहिलेल्या तुकड्यासाठी जरा थांबतो आणि मग पुन्हा आवाज तयार करतो. दोन्हीकडे मोबाईल असले की हवेतला प्रवास दोनदा होतो. एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. मोबाईलवरून मोबाईलवर केलेला कॉल ही हद्द सहज गाठतो, पुष्कळदा ओलांडतो. त्यात ब्लूटूथचा इअरफोन लावला की आणखी भर.

आता तुमचा कॉल डोळ्यांसमोर आणा. तुम्ही एक वाक्य बोललात आणि थांबलात. आईने लगेच ‘हो का?’ म्हटलं, पण ते तुमच्यापर्यंत आलेलं नाही. तुम्हाला वाटलं, ती गप्प आहे, म्हणून तुम्ही पुढचं वाक्य सुरू केलंत. तेवढ्यात तिचं ‘हो का?’ तुमच्या शब्दांवर येऊन आदळलं. दोघंही थांबलात. मग ‘बोल, बोल’, ‘नाही, तू बोल’. असं तीन-चारदा झालं की म्हातारं माणूस माघार घेतं. आपण मध्येमध्ये बोलतोय, लेकराला घाई आहे, असं तिला वाटतं आणि ती ‘ठेवते’ म्हणते. तिच्या मनात तुमच्याविषयी काही नाही, हे मी खात्रीने सांगते.

आणखी दोन गोष्टी आहेत. लँडलाइनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत यायचा. ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते, तिला साइडटोन म्हणतात. त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय हे आपोआप कळायचं. मोबाईलवर, त्यातही स्पीकरवर, हा परतीचा आवाज फार कमी असतो किंवा नसतोच, म्हणून माणसं ओरडून बोलतात आणि दमतात.

दुसरी गोष्ट शांततेची. लँडलाइनवर कोणी बोलत नसलं तरी तार जिवंत असायची. बारीक खरखर, श्वास, आतल्या खोलीत पडलेलं भांडं, सगळं पलीकडे जायचं. मोबाईल एवढंही पाठवत नाही. बोलणं थांबलं की तो पाठवणं जवळजवळ बंद करतो, आणि कॉल तुटला असं वाटू नये म्हणून ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये बनावट खरखर वाजवतो. त्यामुळे तुमचा सुस्कारा आईला ऐकूच येत नाही. सुस्कारा ऐकूनच तर आया विचारतात, ‘काय झालं रे?’ मला मोबाईलचं हे सगळ्यात जास्त खुपतं.

मोबाईलची उजवी बाजूही सांगायला हवी. लँडलाइन 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढाच आवाज नेतो. ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो, म्हणून लँडलाइनवर ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत व्हायची आणि नावं, पत्ते फोड करून सांगावे लागायचे. आजचा ४जी कॉल नीट लागला तर 50 ते 7000 हर्ट्‌झपर्यंत जातो. अक्षरं जास्त स्वच्छ कळतात. कान कमजोर होऊ लागलेल्यांना याचा खरा उपयोग आहे.

तेव्हा लँडलाइन परत आणायचा नसेल तर एवढं करून पाहा. दोघांच्याही फोनमध्ये व्होएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल नेणारी सोय, चालू आहे का ते बघा. आईशी बोलताना ब्लूटूथ आणि स्पीकर दोन्ही बंद, वायरचा इअरफोन उत्तम. तिने फोन कानाला लावला तर आवाजाची बारीक फट, जी काचेच्या अगदी वरच्या कडेला असते, कानाच्या भोकावरच यायला हवी. बोटभर सरकली तरी आवाज निम्मा होतो आणि रिसीव्हरची सवय असलेला हात फोन हमखास खाली धरतो. पुढच्या भेटीत तिचा हात धरून ती जागा दाखवा.

आणि तुमच्या बोलण्यात एक बदल करा. वाक्य संपलं की मनात ‘एक’ म्हणा आणि मगच पुढे जा. ती बोलत असताना ‘हं, हं’ करू नका, ते तिच्या पुढच्या वाक्यावर जाऊन पडतं. ‘जेवलीस का, औषध घेतलंस का’ अशा तुटक प्रश्नांत उशीर जास्त टोचतो. जिचं उत्तर लांबेल अशी एखादी जुनी गोष्ट विचारा आणि ऐकत राहा.

प्रश्न : जुन्या फोनची डायल न फिरवता नुसती बटणं टकटकवून नंबर लावता यायचा, असं मोठा भाऊ सांगतो. खरं का?

उत्तर : खरं आहे, भाऊ बरोबर सांगतात. गोल डायल परत फिरताना तार सेकंदाला साधारण 10 वेळा तोडायची. 3 ला तीन झटके, 0 ला दहा. रिसीव्हर ठेवायच्या जागेवरची बटणं दाबली की तीच तार तुटते, म्हणून त्या तालात टकटकवलं की एक्स्चेंजला नंबर कळायचा. हे झटके मोजून आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचं पेटंट अल्मन स्ट्राउजर यांनी 1891 मध्ये मिळवलं. त्यांचा व्यवसाय अंत्यसंस्काराचा होता. 1963 मध्ये बटणांचे फोन आले आणि झटक्यांची जागा सुरांनी घेतली. एक बटण दाबलं की दोन सूर एकदम वाजतात, 5 चे 770 आणि 1336 हर्ट्‌झ. मोबाईलवर कॉल चालू असताना ‘एक दाबा, दोन दाबा’ करतो तेव्हा आजही तेच सूर वापरले जातात.

प्रश्न : घरात वडील एकटे असतात. वीज गेली तरी लँडलाइन चालतो, म्हणून तो ठेवला आहे. मुलगा म्हणतो, आता तसं राहिलेलं नाही. कोणाचं खरं मानू?

उत्तर : तुमच्याकडे कोणती जोडणी आहे, त्यावर आहे. तांब्याची जोडी थेट एक्स्चेंजपर्यंत जात असेल तर तुमचं म्हणणं खरं. फोनला लागणारी 48 व्होल्टची वीज त्याच तारेतून एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवरून येते, घंटीसाठी त्याहून बराच जास्त विजेचा दाब सोडला जातो. तिथे मोठ्या बॅटऱ्या आणि जनरेटर असतात. टेस्ट डेस्कवर आम्हाला वडीलधाऱ्यांच्या घरातला रिसीव्हर चुकून बाजूला राहिलेलाही कळायचा. दाब उतरलेला दिसे, नंबर मात्र लागलेला नसे. मग आम्ही त्या तारेवर मोठा कर्कश सूर सोडायचो, की घरातलं कोणीतरी येऊन रिसीव्हर जागेवर ठेवे.

पण फोनची वायर भिंतीवरच्या फायबरच्या पेटीत जात असेल तर मुलाचं खरं. ती पेटी घरच्या विजेवर चालते. वीज गेली की पेटी बंद आणि फोनही बंद, दिसायला तो लँडलाइनच असला तरी. तांब्याच्या जोड्या जगभर काढल्या जात आहेत. ब्रिटनने जुनं जाळं जानेवारी 2027 पर्यंत बंद करायचं ठरवलं आहे.

खात्री करणं सोपं आहे. दिवसा, तुम्ही घरात असताना, मेन स्विच बंद करा आणि रिसीव्हर उचला. डायल टोन आली तर काळजी नाही. न आली तर त्या पेटीला छोटा बॅटरी बॅकअप बसवा. बिनतारी हँडसेट असेल तर त्याच्या तळालाही वीज लागते, म्हणून एक साधा वायरचा फोन जोडून ठेवा. मोबाईलवर पूर्ण भिस्त ठेवू नका. टॉवरच्या बॅटऱ्याही लांबलेल्या अंधारात उतरतात.

वडिलांना एक गोष्ट शिकवून ठेवा. तातडीचा फोन मोबाईलवरून केला तर सगळ्यात आधी पत्ता सांगायचा, तक्रार नंतर. लँडलाइनचा नंबर एका घराला बांधलेला असतो, मोबाईलची जागा शोधावी लागते आणि ती घराच्या आत चुकू शकते. पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी लावा, घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही. बॅकअपची बॅटरी काही वर्षांनी मरते, तेव्हा बसवल्याची तारीख पेटीवरच लिहून ठेवा.