नसबंदीनंतर काय बंद होतं? वीर्य, शुक्राणू, शुक्रजंतू आणि धातू

नाशिकहून विचारणा आली आहे. दिंडोरी-पेठ भागात वाटायच्या पुरुष नसबंदीच्या पत्रकात 'शस्त्रक्रियेनंतर वीर्य येणे बंद होते' असं वाक्य होतं. एका आशाताईंनी ते खोडून 'धातू येतो, जंतू येत नाहीत' असं केलं. बरोबर काय, आणि छापायचं काय?

आशय ताईंचाच बरोबर. शब्द मात्र दोन्हीकडचे बदलायला हवेत.

वीर्य म्हणजे बाहेर पडणारा सगळा द्रव. एका वेळी साधारण २ ते ५ मिलि. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्राशयामागच्या दोन शुक्राशयांतून येतो, उरलेला बहुतेक प्रोस्टेट ग्रंथीतून. वृषणांकडून येणारा, शुक्राणूंसकटचा वाटा जेमतेम पाच टक्के. नसबंदीत वाट अडते ती एवढ्याच पाच टक्क्यांची. त्यामुळे वीर्य येतंच, आणि प्रमाणात पडलेला फरक त्या माणसालाही कळत नाही. पत्रकातलं मूळ वाक्य सरळ चूक आहे, आणि ज्या भीतीपोटी पुरुष पुढे येत नाहीत नेमकी तीच भीती छापून वाटणारं आहे.

भीतीत 'नस' या शब्दाचाही वाटा आहे. आपल्याकडे नस आखडते, नस दाबली जाते, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शीर किंवा मज्जातंतू येतो. नस कापली की ताकद गेली, हा तर्क मग आपोआप होतो. प्रत्यक्षात कापून बांधतात ती शुक्रवाहिनी, वृषणाकडून वर जाणारी बारीक, टणक नळी. ताठरता आणणाऱ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू वेगळे. त्यांना हात लागत नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात मिसळतं, त्याला या नळीची गरजच नाही. शुक्राणू तयार होत राहतात आणि शरीरातच शोषले जातात. तरीही 'नसबंदी' आता इतका रुळलाय की बदलू नये. पहिल्याच ओळीत 'नस म्हणजे इथे शुक्राणू वाहून नेणारी नळी' एवढं लिहिलं की पुरे.

शेतकरी वस्तीत आणखी एक शब्द आड येतो, तो पत्रकात कुणी लिहीत नाही: बैल बडवणे, खच्ची करणे. बैलाला बर्डिझोच्या चिमट्याने दाबतात तेव्हा नळीबरोबर वृषणाच्या रक्तवाहिन्याही चिरडतात, रक्त तुटतं आणि वृषण सुकतं. बैल शांत होतो तो त्यामुळे. नसबंदीत रक्तपुरवठा शाबूत राहतो. हा फरक दोन वाक्यांत स्पष्ट छापा. लोकांच्या मनात प्रश्न हाच असतो, विचारत नाहीत एवढंच. १९७६ च्या, आणीबाणीतल्या नसबंदीच्या सक्तीने तो आणखी खोल रुतवला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के निघाली, त्यात या समजुतींचा हात आहेच.

आता 'धातू'. आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी शुक्र हा शेवटचा, म्हणून बोलीत नुसता 'धातू' म्हटलं तरी वीर्य समजतं. पण त्याबरोबर 'धातू गेला की अंग गळतं' हे ओझंही येतं. स्वप्नात स्खलन होणं नैसर्गिक आहे. त्याला 'स्वप्नदोष' म्हणणं हाच खरा दोष. पत्रकात 'वीर्य' लिहून पहिल्यांदा कंसात 'धातू' द्यावा, पुढे नको.

'जंतू'ची अडचण वेगळी. 'शुक्रजंतू' जुना शब्द आहे, तपासणीनंतर अजूनही 'जंतू कमी आहेत' असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, संसर्ग कमी झाला, चांगलंच की! म्हणून 'शुक्राणू'च लिहावं.

याच शब्दावर पत्रकातली सर्वांत महत्त्वाची सूचना अवलंबून आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी नळीच्या वरच्या भागात शुक्राणू शिल्लक असतात, त्यामुळे लगेच गर्भ राहू शकतो. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्यतपासणी करायची आणि 'शुक्राणू आढळले नाहीत' असा अहवाल हातात आल्यावरच थांबायचं. 'फसलेली नसबंदी' म्हणतात त्यातली बरीच प्रकरणं या तीन महिन्यांतलीच असतात. इथे 'वीर्य बंद' लिहिलंत तर वाचणारा वीर्य दिसल्यावर म्हणेल, ऑपरेशन फसलं.

बिनटाक्याच्या नसबंदीला जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मात्र 'जड काम टाळा' हे द्राक्षबागेतल्या माणसाला मोघम वाटतं. लिहा: दोन दिवस विश्रांती, लंगोट किंवा घट्ट चड्डी, आठवडाभर सायकल नाही, क्रेट उचलायचे नाहीत, पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप नाही. सूज वाढत गेली, रक्त थांबेना किंवा ताप आला तर दवाखाना.

मुख्य वाक्य असं सुचवतो: 'नसबंदीनंतर वीर्य पूर्वीसारखेच येते, तीन महिन्यांनी तपासणी केल्यावर त्यात शुक्राणू नसल्याची खात्री होते.'

छापण्याआधी एक ऱ्हस्व-दीर्घ तपासा. मराठीत 'शुक्राणू' आणि 'धातू' दीर्घ, पण समासात पहिलं पद म्हणून आले की ऱ्हस्व: शुक्राणुसंख्या, धातुपतन. 'शुक्राणूंची संख्या' लिहिलंत तर अनुस्वारासह दीर्घच.