नर्व्ह पाठ करण्याआधी

मेरुचेतांच्या, म्हणजे मज्जारज्जूतून निघणाऱ्या नर्व्हच्या, ३१ जोड्या घोकत बसू नकोस. आधी एकच चेता कागदावर नीट काढून बघ. मज्जारज्जूपाशी तिची दोन मुळं असतात : मागचं मूळ संवेदना आत आणतं, पुढचं मूळ स्नायूंना हुकूम बाहेर नेतं. मागच्या मुळावर एक फुगीर गाठ असते, संवेदी पेशींची शरीरं तिथेच असतात. ती चित्रात काढायची राहून गेली तर पुढचं सगळं अडतं. दोन्ही मुळं एकत्र आली की मिश्र चेता बनते आणि लगेच तिला दोन फाटे फुटतात : मागचा लहान पाठीकडे, पुढचा मोठा हातापायांकडे आणि छाती-पोटाच्या भिंतीकडे.

मानेत मणके ७, चेता मात्र ८. इथे बहुतेकांची गल्लत होते. पहिल्या ७ आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सातव्याच्या खालून, आणि तिथून पुढच्या सगळ्या खालूनच.

मेंदूच्या १२ जोड्या नंतर घे, घाई नाही.

आता कोपराच्या आतल्या हाडामागच्या खोबणीत बोट फिरव. दोरीसारखं सरकतं ना? ती अल्नर नर्व्ह. हलकी टिचकी मार आणि मुंग्या कुठे जातात ते बघ : करंगळी, आणि तिच्याकडची अर्धी अनामिका.