जिंतूरला राहून ऑडिओबुक वाचनात करिअर होईल का? पुण्याला जावंच लागतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की डी.एड. झालंय, नोकरी नाही, जिंतूरला राहता आणि आवाज गोड आहे असं सगळे म्हणतात. मी परभणीचा. सहा वर्षांपासून पुस्तकं वाचतोय, पण दिवसा दुकान सांभाळून. पोट भरेल का, याचं अर्धं उत्तर यातच आलं.

आधी आवाजाचं. गोड आवाज गॅदरिंगच्या सूत्रसंचालनाला पुरतो, पुस्तकाला बैठक लागते. आमच्या गावी श्रावणात पोथी लागायची. सातवीत असल्यापासून वाचायला मी, आणि ओवी झाली की अर्थ सांगायला शेजारचे एक आजोबा. समोर म्हाताऱ्या वाती वळत बसलेल्या. 'छान वाचलंस बाळा' असं कुणी म्हणायचं नाही. त्यांचे हात मंदावले की समजायचं, कान इकडं लागलेत. हात भराभर चालायला लागले की माझं काहीतरी चुकतंय, एक तर घाई होतेय नाहीतर मी गायला लागलोय. आज बंद खोलीत एकटा वाचतो तेव्हाही माझं अर्धं लक्ष त्या हातांवर असतं. तुमच्या घरी कुणी वडीलधारं माणूस असेल तर रोज अर्धा तास त्यांना वाचून दाखवा. ते मधेच उठून गेले तर का गेले, ते ज्याचं त्याला बरोबर कळतं.

आता पैशाचं. पन्नास हजार शब्दांची कादंबरी धरा. मी मिनिटाला ११० ते १२० शब्द वाचतो, म्हणजे सात-साडेसात तासांचं पुस्तक होतं. मोबदला बहुतेक वेळा 'तयार तासा'वर ठरतो, म्हणजे चुका, खोकला, अडखळणं काढून टाकल्यावर जो तास उरतो त्यावर. माझ्या एका तयार तासामागं वाचनाचे दोन-अडीच तास जातात, आधीच्या तयारीचा एक, आणि संपादन स्वतः केलं तर आणखी दोन-तीन. म्हणून कुणी दर सांगितला की त्याला सहानं भागा. पहिल्या पुस्तकाचा हा भागाकार मी केला, तेव्हा निंदायला जाणाऱ्या बाईची रोजंदारी माझ्यापेक्षा बरी निघाली होती. पुढं वेग वाढला, दर वाढला. पण कामं एकामागोमाग एक येत नाहीत. दोन महिने काही नाही आणि मग एकदम तीन पुस्तकं, असं चालतं. शिकवण्या घेत असाल तर सोडू नका.

मराठीत या कामाला खरी सुरुवात झाली ती २०१७च्या नोव्हेंबरात, स्टोरीटेल ही ऑडिओबुकं ऐकवणारी स्वीडनची कंपनी भारतात आली तेव्हा. यूट्यूबवरचे सल्ले मात्र बहुतेक अमेरिकेचे असतात. ते सांगतात, ऑडिबल या अमेझॉनच्या ऑडिओबुक कंपनीच्या एसीएक्सवर, म्हणजे पुस्तकवाल्यांची आणि वाचणाऱ्यांची गाठ घालून देणाऱ्या वेबसाइटवर, खातं काढा. ती सोय फक्त अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांना आहे. खातं काढून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. त्यांचे तांत्रिक नियम मात्र वहीत लिहून ठेवा, सरावाला उत्तम आहेत: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मधे, सर्वांत मोठा आवाज उणे ३च्या वर नाही, आणि तुम्ही गप्प असताना खोलीचा आवाज उणे ६०च्या खाली. पहिले दोन आकडे ऑडासिटी या फुकटच्या सॉफ्टवेअरात जमतात. तिसरा आकडा मराठवाड्यात घाम काढतो, अगदी खराखुरा. पंखा बंद, कूलर बंद, आणि बाहेर मे महिना.

मी पहाटे साडेतीनला बसतो. सहाला घंटागाडी गाणं लावून येते, त्याच्या आत उरकायचं. खोली आतली, पत्र्याची नको. पावसाच्या पहिल्या थेंबाला पत्रा वाजतो. भिंतींना आईच्या वाकळा टांगल्यात, पाठीमागं कापसाची गादी उभी केलीय. महागडा फोम मी घेतलाच नाही, वाकळ चांगली जाड असते. इन्व्हर्टरची गुणगुण येते म्हणून तो दोन खोल्या पलीकडं नेला. माइक घेताना लोक कंडेन्सर सुचवतील. तो बारीकसारीक सगळं टिपतो, गल्लीतलं कुत्रंसुद्धा. साध्या घरात डायनॅमिक माइक बरा, फक्त तोंडाजवळ धरावा लागतो. बांगड्या काढून ठेवा, सळसळणारी ओढणी नको. आणि उपाशी बसू नका, पोटाची गुरगुर माइकला स्पष्ट ऐकू येते. चुकलं की तिथंच थांबायचं, दोन-तीन सेकंद मागं जाऊन पुढं वाचायचं. याला पंच अँड रोल म्हणतात, ऑडासिटीत ती सोय आहे. हे पहिल्या आठवड्यातच शिका, संपादनाचा निम्मा वेळ वाचतो.

आता खरी गोष्ट, आपल्या बोलीची. पहिल्या चाचणीत एका स्टुडिओनं मला परत पाठवलं. कारण होतं 'आणि'. हा शब्द पानागणिक दहा-वीसदा येतो आणि मी प्रत्येक वेळी 'आनि' म्हणत होतो. पाणी, कोण, लोणी, सगळ्यांचा तोच हाल. वर्षभर रोज घोकलं. तुमचंही तपासा, स्वतःच्या कानाला ते ऐकू येत नाही, रेकॉर्ड केल्यावरच येतं. दुसरा सापळा 'च' आणि 'ज'चा. 'चार' वेगळा, 'चारा' वेगळा. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपणाची 'जरा' लिहायला एकच. पुस्तक आधी पूर्ण वाचून अशा शब्दांखाली पेन्सिलीनं खूण करायची.

पण 'आनि' सुधारायचं म्हणून बोली पुसून टाकू नका, हे कळायला मला फार वेळ लागला. परभणीतलं पात्र 'काय करायलाव?' म्हणतं. लातूर-उदगीरकडं तेच 'करलालाव' होतं. ग्रामीण पात्र आलं की वाचणारे सरसकट एकच गावरान सूर लावतात, सगळा महाराष्ट्र जणू एकाच पारावर बसलेला. आपल्याकडचा माणूस ते ऐकून कानावर हात ठेवतो. 'आलतो', 'जायलो' हे शब्द तुमच्या तोंडी आपसूक येतात. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद पात्राच्या बोलीत, ही ये-जा जमली तर जिंतूर हीच तुमची जमेची बाजू. म्हातारीचं पात्र म्हणून आवाज चिरका मात्र करू नका, वेग कमी केला तरी पुरतो.

सरावासाठी हयात लेखकांची पुस्तकं यूट्यूबवर टाकू नका, कितीही जण टाकत असले तरी. आपल्याकडं लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. हरिभाऊ आपटे १९१९ला गेले, साने गुरुजी १९५०ला. त्यांनी हयातीत छापलेलं मोकळं आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तकं वाचून देणंही चांगलं, कॉपीराइट कायद्यात २०१२पासून त्याला मुभा आहे, फक्त ते नफ्यासाठी नसावं. मी तिथूनच सुरुवात केली. इतिहासाचं पुस्तक न कंटाळता वाचता आलं की कादंबरी सोपी वाटते. परभणी आकाशवाणीची नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात निघाली तर अर्ज करा.

पुण्याला आत्ता जाऊ नका. एखादी संस्था स्टुडिओत बोलावते, तेव्हा काम हातात घेऊन आठ दिवस जाऊन यायचं.

तुमचा आवाज यंत्राला, म्हणजे एआयला, शिकवण्यासाठी वापरणार का, हे करार करताना लेखी विचारा. ऑडिबलनं मे २०२५मध्ये प्रकाशकांसाठी यंत्राच्या आवाजातलं वाचन जाहीर केलं. सुरुवात इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियनपासून आहे, पण 'कोणत्याही प्रकारे, कायमस्वरूपी' असे शब्द मराठी करारातही असू शकतात. सही करण्याआधी तिथं थांबा.

नमुना पाठवताना तीन मिनिटांचा ठेवा. मागं बासरी वगैरे लावू नका. एक परिच्छेद निव्वळ वर्णनाचा, एक दोघांच्या बोलण्याचा. कविता नको, कवितेवरून कुणाची बैठक कळत नाही.