गुंड्याची जांभई

'मावशी, माझा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर गुंड्या गेली तीन वर्षं थेरपी डॉग म्हणून, म्हणजे माणसांना सोबत आणि दिलासा द्यायला, माझ्याबरोबर वृद्धाश्रमात येतो. दर रविवारी दोन-अडीच तास. सगळ्यांचा लाडका आहे. गेल्या महिन्यात आमच्या गटप्रमुख बाईंनी "आता त्याला विश्रांती दे" म्हणत आमचं नाव यादीतून काढून टाकलं. त्यांचा स्वतःचा कुत्रा या कामाच्या चाचणीत नापास झाला होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे! तिथले एक आजोबा कुणाशीच बोलत नाहीत, फक्त गुंड्याशी बोलतात. त्यांचं काय? आणि गुंड्या इतका शहाणा, की गाडीतून उतरताना आधी एक मोठ्ठी जांभई देतो, रविवारची झोप मोडल्यासारखी, आणि मग निमूट चालायला लागतो. या बाईंशी भांडू, की दुसऱ्या गटात जाऊ?
– दुखावलेली'

अगं दुखावलेले, तुझ्या पत्रात गटप्रमुख बाईंना सात-आठ ओळी मिळाल्या होत्या (इथे छापताना मी कात्री लावली), आजोबांना दोन आणि जांभईला एक. मला त्या एकाच ओळीवर बोलायचंय.

झोपून उठलेला कुत्रा जांभई देतो ती वेगळी. दर रविवारी, त्याच दारात, गाडी थांबल्या थांबल्या येते ती झोपेची नसते. कुत्र्यावर ताण आला की तो जांभया देतो. समोर खायला काही नसताना ओठ चाटतो, मान दुसरीकडे वळवतो, अंग कोरडं असताना भिजल्यासारखं झाडतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो. यातलं आणखी काय काय दिसतं, ते तू आठव. आणि एक खरं सांग, गाडीपासून दारापर्यंत पट्टा सैल असतो की ताणलेला? पुढे कोण असतं, तू की गुंड्या?

'निमूट' हा शब्द तुझाच आहे. तुला तो शहाणपणाचा वाटला. मला वाचतानाच पोटात कालवलं. या कामाला कुत्रा लागतो तो शेपूट हलवत आपणहून माणसाच्या मांडीशी जाणारा. निमूट जाणारा नाही.

नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर म्हणजे म्हाताराच की. या जातीत सांधे लवकर धरतात. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय सरकायला लागले, की उभं राहणं हेच काम होऊन बसतं. त्यात कुणी वाकून मिठी मारतं, कुणी कान कुरवाळता कुरवाळता जरा जास्तच ओढतं, व्हीलचेअरची चाकं पंजाजवळून जातात. तो सगळं सोसतो, कारण तू शेजारी असतेस. 'पेट पार्टनर्स' ही 1977 साली स्थापन झालेली अमेरिकेतली संस्था अशा कामात आहे. तिच्या नियमात दिवसाला जास्तीत जास्त दोन तास आहेत. तुमचे अडीच होतात. पट्टा ज्याच्या हातात, त्यानं तिथे कुत्र्याची बाजू घ्यायची असते. तू कुणाची घेत होतीस?

गटप्रमुख बाईंच्या मनात असूया असेलही. असू दे. असूयेनं बोलल्या म्हणून त्या खोटं बोलल्या असं होत नाही. तेव्हा भांडण नाही, दुसरा गट नाही, आणि गुंड्याला एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्याचे सांधे दाखव. हा विषय इथेच संपला.

आता आजोबा. ते कुणाशीच बोलत नाहीत म्हणतेस. गुंड्याशी बोलतात तेव्हा पट्ट्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात असतं? तीन वर्षं तू हातभर अंतरावर उभी आहेस. तो माणूस कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून काय सांगतो, त्यातलं एक वाक्यही तुझ्या पत्रात नाही. इतक्या लांबलचक पत्रात! ऐकलंच नाहीस, की ऐकून सोडून दिलंस? तुझ्यावर रागवतेय खरी, पण मला वाटतं तूही थोडी घाबरतेस. कुत्रा बरोबर असला की गप्पा त्याच्याच होतात. वय काय, खातो काय, केस गळतात का. तो नसला की समोर नुसता एक म्हातारा माणूस उरतो आणि आपल्या हातांचं काय करावं ते सुचत नाही.

म्हणून येत्या रविवारी तू एकटी जा. गुंड्याला घरी झोपू दे. यादीतून नाव काढलंय ते जोडीचं, तुझ्या एकटीच्या पायांना कुणी बंदी घातलेली नाही. फोन करून विचार आणि जा. आजोबांच्या खुर्चीशेजारी उभी राहू नकोस, खाली बस, गुंड्याचं डोकं असायचं तेवढ्या उंचीवर. आजोबा तुझ्या मागे बघतील, मग दाराकडे बघतील. तेव्हा थाप मारू नकोस. खरं ते सांग, 'त्याचे पाय दुखतात आता. नाही येववत त्याला.' हे कारण त्या खोलीत जेवढं पटेल तेवढं दुसरीकडे कुठे पटणार नाही. मग गप्प बस. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही तरी उठायचं नाही.

आणि निघताना कपड्यांवरचे गुंड्याचे केस झटकू नकोस. ते कुणाचे, हे आजोबांना विचारू दे.

– मावशी