मागच्या चाकांना डिस्क बसवायला ४५ हजार घालावेत का?

बेळगावात उद्यमबागेत नोकरी करणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. सासुरवाडी गोव्यातल्या साखळीची, म्हणजे जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट ठरलेलाच. गेल्या खेपेला घाट उतरताना जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. गॅरेजवाल्याने सांगितलं, मागचे ड्रम ब्रेक (डब्यासारख्या ड्रमला आतून शू घासणारे) काढून डिस्क ब्रेक (चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे) बसवू, ४५ हजारांत होईल. सोसायटी १२ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी कर्ज द्यायला तयार आहे. घ्यावं का?

घेऊ नका.

तुम्ही फक्त खर्चाचं विचारलंय, पण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट तो वास आणि ते पेडल. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे सरकतो, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. तुमच्या गाडीला पुढे डिस्क आहेतच. वास आला तो बहुधा त्यांचाच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, जुनं झालं की कमी तापमानालाच उकळतं, आणि मग पेडल मऊ पडतं. शेवटचं ऑइल कधी बदललं ते तुम्ही लिहिलेलं नाही. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. आणि उतारावर गाडी तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये सोडून सारखा ब्रेक दाबत असाल, तर मागे कुठलाही ब्रेक बसवा, वास येणारच. दुसऱ्या गियरमध्ये उतरा. याला पैसे पडत नाहीत.

उलट, मागे जास्त जोराचा ब्रेक बसवण्यात एक धोका आहे, तो गॅरेजवाल्याने सांगितलेला दिसत नाही. पुढची चाकं लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबली, तर गाडी सरळ घसरत जाते. मागची आधी लॉक झाली तर गाडीची शेपटी फिरते. कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण मागचे ड्रम धरूनच बसवलेलं असतं. एबीएस नसलेली गाडी, कणकुंबीचा पाऊस, ओलं वळण, आणि त्यात हे प्रमाण बिघडवायचं? शिवाय तुमचा हँडब्रेक ड्रममध्येच आहे. डिस्क आली की त्याची वेगळी सोय करावी लागते. ४५ हजारांत ती धरली आहे का, एवढं तरी विचारून घ्या.

आता हिशोब. ४५ हजारांना १२ टक्क्यांनी २४ हप्ते म्हणजे महिना सुमारे २,११८ रुपये, एकूण पावणे एक्कावन्न हजारांच्या वर. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे गाडीला आज १ लाख ९० हजार येतील. म्हणजे तिच्या जवळजवळ पाव किमतीचा खर्च. विकताना गिऱ्हाईक या डिस्कचे वेगळे पैसे देणार नाही. कंपनीचं नसलेलं काम बघून कदाचित दर पाडूनच मागेल. २०२८ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील, आरसीचं नूतनीकरण करावं लागेल. तेवढ्यासाठी कर्ज काढणं मला पटत नाही.

मग काय करायचं? पुढचे पॅड, मागचे शू, चारही चाकांजवळच्या रबरी नळ्या आणि ब्रेक ऑइल बघून घ्या, लागेल ते बदला. मागचे व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे) गळत असतील तर तेही; ड्रमच झिजले असतील तर ड्रमच्या जागी ड्रम. टायर जुने असतील तर चारही नवे घ्या. ओल्या रस्त्यावर गाडी शेवटी टायरच थांबवतो, आणि त्याची पकड सुटली की ब्रेक कितीही भारी असला तरी काही उपयोग नाही. टायरसकट अंदाजे २२ ते २५ हजार. बोनस येईल म्हणता, त्यातून भागेल.

जो हप्ता भरायची तुमची तयारी होती, तो आरडीत टाका. साडेसहा टक्के धरले तरी दोन वर्षांत ५४ हजारांच्या आसपास जमतात. हा पैसा पुढच्या गाडीचा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा जुनीच घ्यायची झाली तरी त्यानंतर तयार झालेली घ्या. चोर्ल्यासाठी तुम्हाला जे हवंय ते त्यात कंपनीनेच बसवलेलं असेल.

पत्रात जाता जाता तुम्ही लिहिलंय की विमा फक्त थर्ड पार्टी आहे. पॉलिसी काढून बघा, मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण त्यात आहे का. एजंट कधी कधी प्रीमियम कमी दाखवायला ते वगळतात. नसेल तर ब्रेकच्याही आधी ते घ्या. आणि माझं न ऐकता डिस्क बसवल्याच, तर बदल विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून पुढे दाव्याच्या वेळी वाद निघू शकतो.